एकशे बारा वाक्यं

"हे काय, बाळंतिणीची खोली केलीयास व्हय रं?"

वाकळा-गोधड्या टांगून केलेल्या त्या खोपटात डोकं घालून आप्पांनी विचारलं. एवढ्याशा बोलण्यातही त्यांचा आवाज तीन ठिकाणी फाटला.

"आवाज घुमू नये म्हणून केलंय. बसा आत."

"आत वारा न्हाई."

"पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो, आप्पा. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"तासाभराचाच हाय," असं म्हणून ते वाकून आत शिरले आणि स्टुलावर बसले.

दुपारचा एक वाजला होता. पाच वाजता त्यांना मिरजेला दवाखान्यात दाखल करायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. तंबाखूनं ते आतून पोखरलं होतं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "जीव राहील, आवाज राहणार नाही. काय बोलून घ्यायचं ते आधी बोलून घ्या." चाळीस वर्षं ज्यानं कुस्त्यांच्या मैदानात निवेदन केलं, ज्याच्या एका आरोळीनं दहा हजार माणूस गप्प बसायचं, त्या आकाराम चौगुल्याला हे असं सांगितलं गेलं. आप्पांनी फक्त एवढंच विचारलं, "शिट्टी तरी वाजवाय येईल का?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा. सांगलीत घरातल्याच आतल्या खोलीत माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एक माईक, एक लॅपटॉप आणि दोघांच्या मध्ये लाल रंगाची एक डबी. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माईकची वायर तिच्या तोंडात, तिची यूएसबी वायर लॅपटॉपमध्ये. रिक्षावर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिराती मी तिथं रेकॉर्ड करायचो: साड्यांचा सेल, दातांचा दवाखाना, वाढदिवसाच्या शुभेच्छा. सगळ्या सांगलीचे आवाज त्या डबीतून गेले होते, फक्त माझ्या बापाचा गेला नव्हता. कारण आमचं एकमेकांशी कामापुरतंच चालायचं.

पण डॉक्टरांकडून परत येताना माझ्या डोक्यात आलं की आप्पांची रोजची वाक्यं रेकॉर्ड करायची, एकेक वेगळं तोडायचं आणि फोनमध्ये बटणं करून ठेवायची. बटण दाबलं की आप्पा बोलणार. संयोगितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवस बसून यादी केली. एकशे बारा वाक्यं झाली. पाणी दे. चहात साखर कमी घाल. पाठ खाजव. दुखतंय. बातम्या लाव. सूनबाई, भाकरी वाढ. यादी पुरी झाल्यावर ती मला म्हणाली, "अहो, यात तुमचं नावच नाही."

"ते कधी माझं नाव घेतात? 'ए' म्हणतात की."

"मग 'ए' लिहू?"

"लिही. सगळ्यात वर लिही. तेच जास्त लागेल."

तर पहिलं वाक्य होतं: ए.

मी डबीला जोडलेला हेडफोन कानाला लावला. टेबल फॅन माझ्या आणि लॅपटॉपच्या तोंडावर सोडला होता. वाकळांच्या पलीकडं माईकला तो ऐकू जात नव्हता, हे मी दोनदा तपासलं होतं.

"तुला तेवढा वारा," आतून आवाज आला.

"आप्पा, नुसतं हॅलो म्हणा बघू."

"हॅलोऽऽ!"

डबीवरचा हिरवा दिवा लालभडक झाला. माझे कान बधिर झाले.

"हळू! समोर मैदान नाहीये. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताय असं बोला."

"शेजारच्या माणसाशी बोलाय माईक कशाला लागतो?"

मी बटण फिरवून आवाज कमी केला. आणि त्याच वेळी लाल डबीवरचे सगळे दिवे विझले, पुन्हा लागले. वायर ढिली झाली होती. महिनाभर होतच होतं ते, मी वायरीला चिकटपट्टी लावून दिवस काढत होतो. काम भागतंय तोवर चालवायचं, ही आमची रीतच. मी पट्टी दाबून बसवली.

"हां, घ्या. पहिलं वाक्य."

आत कागद खुळखुळला.

"आप्पा?"

"हे काय लिवलंय? ए?"

"तुम्ही मला तसंच बोलवता."

ते गप्प झाले. मीही गप्प झालो. गप्प बसायचा आम्हा दोघांना बावीस वर्षांचा सराव होता.

मी सोळा वर्षांचा असताना गावच्या उरुसात माझी कुस्ती लागली होती. माईकवर अर्थात आप्पा. त्यांचा एक नेम होता आणि त्यासाठी सगळा मुलूख त्यांना मानायचा: कुस्ती निकाली झाली की आधी हरलेल्याचं नाव पुकारायचं, मग जिंकलेल्याचं. ते म्हणायचे, "जितल्याला समदं गाव उचलून घेतंय. हरल्यालं पोरगं खाली मान घालून एकटंच जातंय. मैदान सोडताना त्याच्या कानावर त्याचं नाव पडाय पायजे." त्या दिवशी मी दीड मिनिटात चीत झालो. अंगावरची माती न झटकता मैदानाबाहेर निघालो आणि कान टवकारून चालत राहिलो. आप्पांनी जिंकलेल्याचं नाव घेतलं, त्याच्या वस्तादाचं घेतलं, गावाचं घेतलं. माझं घेतलं नाही. माझी लाज वाटली त्यांना, असं मी समजलो. दुसऱ्या दिवसापासून तालीम सोडली. त्यांनी का सोडलीस म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर आता ते 'ए'वर अडून बसले होते आणि घड्याळ पळत होतं.

"म्हणा की आप्पा. एक अक्षर आहे."

"म्हणतो. घाई करू नगंस."

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, आणि डबी पुन्हा विझली. या वेळी ती लागेना. पट्टी दाबली, वायर वाकवली, उलट बाजूनं घातली, फुंकर मारली. लॅपटॉपवर इंग्रजीत एक चौकट आली. तसल्या चौकटी रोज येतात. मी ओके दाबलं आणि ती घालवली. पुन्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबून पाहिलं. कानात काहीच नाही. डबी मेली होती.

दीड वाजून गेला होता. आप्पांचा आवाज जेमतेम तासभर टिकायचा, मग नुसता वारा यायचा. आजचा तास गेला की संपलं. उद्या सकाळी तो आवाज कुठंच असणार नव्हता.

"वायर आणतो," मी ओरडलो. "प्रिंटरची चालते हिला. तुम्ही बोलू नका. अजिबात बोलू नका, आवाज राखून ठेवा!"

चप्पल न घालता पळालो. कोपऱ्यावर शिकलगारभाभींचं झेरॉक्सचं दुकान होतं. शटर अर्धं ओढलेलं, भाभी आत जेवत होत्या.

"भाभी, प्रिंटरची वायर द्या. दोन तासांसाठी."

"अरे, प्रिंटर चालू आहे माझा. चार वाजता शाळेचे पेपर द्यायचेत."

"आप्पांचा आवाज घ्यायचाय. उद्या ऑपरेशन आहे त्यांचं."

भाभींनी हातातला घास ताटात ठेवला, उठल्या आणि डाव्या हातानं प्रिंटरमधून वायर उपसून मला दिली. "पळ," म्हणाल्या. "पेपर गेले खड्ड्यात."

परत आलो तर खोलीत पंखा बंद. आप्पांची जन्माची खोड. माणूस खोलीतून उठला रे उठला की पंखा बंद. कुणी संडासला गेलं तरी बंद. माझी खुर्चीही सरकलेली होती. आप्पा मात्र खोपटात, स्टुलावर, शहाण्या मुलासारखे बसले होते. मी घामानं निथळत होतो. पंखा लावला, नवी वायर डबीत घातली. दिवे लागले! कानात आप्पांचा श्वास आला, घसा खाकरल्याचं आलं, अगदी कानाला तोंड लावल्यासारखं स्वच्छ. पडद्यावर मघाचं रेकॉर्डिंग चालूच होतं, रेघ पुढं सरकत होती. देवच पावला.

"चला आप्पा, दोन नंबर. पाणी दे."

"पयलं ऱ्हायलंय."

"ते राहू द्या. वेळ नाही."

"न्हवं, मी म्हणतो त्ये पयलं..."

"आप्पा, पाया पडतो तुमच्या! आवाज संपेल. 'ए'वाचून काही अडत नाही. दोन नंबर घ्या."

वाकळांच्या आड कागद खुळखुळला. मग ते म्हणाले, "पाणी दे."

त्यानंतर त्यांनी एकदाही वाद घातला नाही. चहा, भाकरी, पाठ, बातम्या, दुखतंय, बरं हाय. तिसाव्या वाक्याला आवाज घोगरा झाला, साठाव्याला अर्धी अक्षरं गळायला लागली. संयोगिता कोमट पाणी आणून द्यायची, ते घोट घ्यायचे, पुन्हा बोलायचे. मी हेडफोन दाबून धरून ऐकत होतो. डोळे यादीवर, एकेक वाक्यापुढं बरोबरची खूण. ऐंशीव्याला त्यांना ठसका लागला आणि रुमालावर रक्ताचा ठिपका आला. संयोगिता म्हणाली, "अहो, पुरे की आता." मी म्हणालो, "बत्तीस राहिलीत." मी असाच माणूस आहे. सुरू केलं की बैलासारखा. शेवटचं वाक्य 'देवाला दिवा लावला का' होतं. ते त्यांनी चार वेळा म्हटलं, तेव्हा एकदा जमलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फाईल सेव्ह केली आणि टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलो. आप्पा बाहेर आले, माझ्या पाठीवरून हात फिरवला की नुसता आधार घेतला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचर थांबलं. मी वाकून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. आयुष्यभराच्या आवाजातलं शेवटचं काहीतरी ते बोलणार होते. ते म्हणाले, "खोलीतला पंखा बंद केलास का?"

मी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाक्यं तोडायला बसलो. हेडफोन लावला, 'पाणी दे' जिथं असायला हवं तिथं आलो आणि बटण दाबलं.

पंखा. नुसता पंखा. घों घों घों. आणि त्याच्या पार मागं, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसं काहीतरी. आवाज वाढवला तर पंखा वाढला. पुढं गेलो, मागं आलो, साठावं वाक्य, ऐंशीवं वाक्य. पंखा. ठसका तेवढा ऐकू आला.

मला कळायला दहा मिनिटं लागली. ती चौकट. मी न वाचता ओके दाबलेली चौकट सांगत होती की डबी सापडत नाही, आता लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड करू का? मी हो म्हणालो होतो. नंतर डबी जिवंत झाली, पण लॅपटॉप तिच्याकडं परत वळलाच नाही. आणि मला कानात जे स्वच्छ ऐकू येत होतं, ते डबीतून थेट येत होतं. त्या डबीवर एक बटण असतं. ते दाबलेलं असलं की लॅपटॉप ऐकतोय की नाही याची फिकीर न करता ती माईकचा आवाज तुमच्या कानात सोडते. गाणाऱ्याच्या सोयीसाठी असतं ते. पंधरा वर्षं धंद्यात असून शेंबडं पोरही करणार नाही अशी चूक मी केली होती. बापाला रक्त ओकेपर्यंत बोलायला लावलं आणि लॅपटॉपला पंखा ऐकवला.

आवाज साफ करायची जेवढी साधनं होती तेवढी लावली. पंखा गेला की आप्पाही जायचे. उरायचं ते पाण्यात बुडबुडे सुटल्यासारखं. दुपारपर्यंत झगडलो. संयोगिता दारात येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडं पाहून काय ते समजली.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"त्यांना काय सांगणार?"

मी लाल डबी उचलली आणि भिंतीवर फेकणार होतो. तिनं हात धरला. "आधी सगळं ऐकून तर घ्या," म्हणाली. "अगदी पहिल्यापासून ऐका."

पहिल्यापासून ऐकण्यासारखं काय होतं? मी वायर आणायला पळालो तेव्हाची रिकामी खोली. तरी मी रेघ सुरुवातीला नेली, आणि तिलाही ऐकू यावं म्हणून हेडफोन काढून स्पीकर लावला.

माझा आवाज: आवाज राखून ठेवा! पळणारी पावलं. पंख्याची घरघर. मग खट्.

पंखा बंद.

शांतता. खुर्ची करकरली. आप्पा खोपटातून बाहेर येऊन माझ्या जागेवर बसले होते, लॅपटॉपच्या समोर. कागद खुळखुळला. अगदी जवळून, स्वच्छ आवाजात ते म्हणाले, "एक नंबर. ए." जरा थांबले. "कुत्र्याला हाक मारल्यागत."

मग घसा साफ केला. "धैर्य..." आवाज फाटला. पुन्हा, "धैर्यशी..." पुन्हा फाटला. पाण्याचा घोट घेतल्याचं ऐकू आलं. मग दोन बोटांनी टकटक, मैदानात माईक तपासताना करायचे तशी. "हॅलो. हॅलो."

आणि मग पोटातून, गेलं वर्षभर कुणी ऐकला नव्हता असा, उरुसातला आवाज आला.

"मंडळीऽऽ! जरा शांत ऱ्हावा. एक नाव ऱ्हायलंय माझ्याकडनं. त्या दिशी गळा दाटला, तोंडातनं भाईर पडलं न्हाई. तवा आता ऐका. हरलेला पैलवान, धैर्यशील आकाराम चौगुलेऽऽ! पाठ लागली मातीला, पर पाठ दावली न्हाई पोरानं! कुणाचा म्हणून इचाराल, तर माझा हाय. वाजवा टाळ्या!"

आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. खरबरीत दोन हातांच्या, एकट्याच्या टाळ्या.

मग खोकला, दम खाणं. आणि हळूच, स्वतःशी, "आला की हेच म्हणतो."

मी आलो होतो. पयलं ऱ्हायलंय, असं ते म्हणाले होते. मी म्हणालो होतो, दोन नंबर घ्या.

संयोगिता खाली बसून तोंडाला पदर लावून रडत होती. मी तेवढंच पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. खरं सांगायचं तर मी पाठ दाखवली होती. त्या दिवसानंतर तालमीत पाऊल टाकलं नव्हतं, ते काय होतं मग? त्यांना ते ठाऊक होतं. तरी मैदानात पुकारावं तसं त्यांनी 'पाठ दावली न्हाई' असंच सांगितलं.

आप्पा तीन आठवड्यांनी घरी आले. गळ्याला भोक, त्यातून श्वास. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. चौकट, ओके, पंखा. एकशे अकरा वाक्यं गेली म्हणालो. त्यांनी ओठांनी विचारलं: एकशे अकरा? यादीत तर एकशे बारा होती.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यावर एकच बटण होतं. त्यांनी अंगठा ठेवला.

"मंडळीऽऽ!"

ते दचकले. शेवटच्या टाळीपर्यंत ऐकलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. त्यांचं एकट्याचं बोलणं मी चोरून ऐकलं असं त्यांना वाटलं असेल, या भीतीनं मी उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. आतून गर्जना झाली, "मंडळीऽऽ! जरा शांत ऱ्हावा!" मी तोंडाला फेस तसाच ठेवून धावलो. आप्पांनी अंगठा तोंडाकडं नेला. पाणी. मी पाणी दिलं.

मग तेच चालू झालं. चहा हवा, मंडळीऽऽ. उशी सरकली, मंडळीऽऽ. बातम्या लाव, धैर्यशील आकाराम चौगुलेऽऽ. बेडपॅन हवं असलं तरी माझा आख्खा पुकारा व्हायचा, बापाच्या नावासकट. भिंतीपलीकडून शेजारी टाळ्या वाजवायचे. बावीस वर्षांत जे नाव एकदा ऐकलं नव्हतं ते दिवसातून वीसदा ऐकायला लागलो. पाट्या, खडू, चित्रांचे तक्ते, सगळं आणून दिलं होतं त्यांना. कशाला हात लावला नाही.

चार वर्षं असं चाललं. सगळ्यात जास्त व्हायचं ते पाणीच. शेवटच्या उन्हाळ्यात तर अर्ध्या अर्ध्या तासाला. संयोगिता एकदा म्हणाली, "किती पाणी लागतं हो आप्पांना! डॉक्टरांना विचारायला हवं." मी तांब्या भरून घेऊन जायचो, त्यांच्या उशाशी ठेवायचो, ते मान डोलवायचे.

ते गेले त्या दिवशी दुपारीही पुकारा झाला. मी पाणी घेऊन गेलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान डोलवली, डोळे मिटले. तांब्या ठेवायला म्हणून मी उशाशी वाकलो, तर तिथं जागा नव्हती. सकाळपासूनचे तीन तांब्ये तिथं काठोकाठ भरलेले होते.